पाण्यातला रस्ता

२ सप्टेंबर, सोमवार

ही वही नातीची. पहिल्या दोन पानांवर तिने घोडे काढलेत, ते फाडायचे नाहीत अशी अट आहे. "आजी, तू दिवसभर बडबडतेस आणि ऐकायला घरात कोणी नसतं, मग इथे लिही," म्हणाली. नऊ वर्षांची आहे, पण जीभ माझ्यावर गेलीय. मी चौथीपर्यंत शिकले. गुरुजी म्हणायचे, अक्षर बरं आहे, शुद्धलेखन देवाच्या हवाली. तेव्हा चुका दिसल्या तर त्यांना बोला.

लेकीच्या घरी, परदेशात, येऊन आज नऊ दिवस झाले. सहा ऑक्टोबरला परत जायचं. पहिले चार दिवस माझं तोंड उघडलं ते मिटलंच नाही. नळाला केव्हाही गरम पाणी. रस्त्यावर एक हॉर्न वाजत नाही. मला वाटलं कोणी मोठं माणूस गेलं असेल, म्हणून आज बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. आणि सायकली! सकाळी आठला खिडकीखालून सायकली वाहायला लागतात. चालतात म्हणणार नाही, वाहतात. कोटातले साहेब, शाळेतली पोरं, पोटुशी बाई, आणि माझ्याहून म्हाताऱ्या बाया ताठ बसून, वाऱ्यावर पांढरे केस सोडून. मी दूध उतू घालवलं त्यांच्याकडे बघताना.

आमच्या म्हाताऱ्याने अठ्ठेचाळीस वर्षं सायकलदुरुस्तीचं दुकान चालवलं. इथल्या सायकली बघून तो खुळा होणार असं सगळे म्हणत होते. तो खिडकीशी बसतो खरा, पण बघत नाही. डोळे मिटून ऐकतो. मध्येच म्हणतो, "आत्ता गेली तिची चेन कोरडी आहे." मी विचारलं, "कुठली, ती तांबडी?" तर म्हणाला, "रंगाचं काय घेऊन बसलीस."

५ सप्टेंबर, गुरुवार

लेक आज म्हाताऱ्याला पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. ही तिसरी खेप. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणे. नंबराला तीन खेपा? आमच्या बाजारातला चष्मेवाला उभ्या उभ्या काढून देतो, वर चहा पाजतो. तसं बोलले तर लेक म्हणाली, "आई, इथे सगळं नीट तपासून करतात," आणि फ्रीज उघडून आत बघत उभी राहिली. आत दुधाशिवाय काही नव्हतं.

म्हाताऱ्याला नवी खोड लागलीय. माझ्याशी बोलताना माझ्याकडे सरळ बघत नाही. मान वळवून तिरका बघतो, कोंबडा दाण्याकडे बघतो तसा. सत्तेचाळीस वर्षं संसार झाल्यावर ह्याला माझं तोंड बघवेनासं झालं. नसेल बघवत तर नको बघू. चहा हवा असला की मात्र कप बरोबर माझ्याच दिशेला.

१० सप्टेंबर, मंगळवार

पलीकडच्या घरात एकटी बाई राहते, माझ्याच वयाची. तिला आमची भाषा येत नाही, मला तिची. त्यामुळे आमचं छान जमतं. आज तिने अंगणातल्या खोलीचं दार उघडून दाखवलं. आत कोळिष्टकांत एक सायकल. पण एका सायकलीत दोन! पुढे सीट, मागे सीट, दोन हँडल, चार पायडल. बाईने आधी स्वतःकडे बोट दाखवलं, मग भिंतीवरच्या फोटोतल्या नवऱ्याकडे, मग वर आभाळाकडे. कळलं मला. ह्याला कुठल्या भाषेची गरज नाही.

मी म्हाताऱ्याला हाक मारून आणलं. त्याने हात फिरवायला सुरुवात केली ती पुढच्या चाकापासून. मागच्या मडगार्डपर्यंत गेला आणि म्हणाला, "जोडसायकल." जसं काही हरवलेलं भावंड भेटलं.

ह्याला कारण आहे. दुकानात टायर कंपनीचं एक कॅलेंडर होतं. साल उलटलं, पानं गळाली, चित्र काही निघालं नाही. मोठं पाणी, त्याच्या मधोमध सरळ रस्ता, आणि त्या रस्त्यावर जोडसायकलवरून चाललेली दोघं. बाप्या पुढे, बाई मागे. बावीस वर्षं ते चित्र तिथे होतं. तेलाचे हात लागून पाणी काळं झालं तरी हा म्हणायचा, "एकदा तिथे जायचं." मी म्हणायची, "आधी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणा."

रात्रीच्या जेवणाला त्याने ते चित्र जावयांना सांगितलं. जावई म्हणाले, "बाबा, असा रस्ता इथे आहे. पाण्यात भराव घालून बांधलाय. आगगाडीने दोन तास, आणि सायकल गाडीत नेता येते." म्हाताऱ्याने हातातला घास खाली ठेवला. गेले कित्येक महिने त्याचं जेवण चिमणीएवढं झालं होतं. आज दोनदा वाढून घेतलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

चार दिवस झाले, म्हातारा त्या खोलीत आहे. चेन रॉकेलात काढली, छर्रे बदलले, ब्रेकच्या तारा नव्या घातल्या. आज चाकांचा आउट काढत होता. आउट म्हणजे चाक फिरताना जिथे लचकतं ती जागा. तिथले आरे आवळत-सोडत चाक सरळ करायचं. ह्यात त्याचा हात धरणारा आमच्या गावात कोणी नव्हता.

नव्हता असं लिहिलं, कारण मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाचं चाक दोनदा दुरुस्त होऊन दोनदा लचकत परत आलं. मी चारचौघांत म्हटलं होतं, "अहो, आता आधी स्वतःचा आउट काढा." सगळे हसले. पुढच्याच महिन्यात ह्याने दुकान पुतण्याच्या हवाली केलं. कंटाळा आला म्हणाला.

पण आज बघितलं ते वेगळंच. सायकल उलटी ठेवलेली, अंगठ्याचं नख रिमला लागेल-न लागेल असं धरलेलं आणि डोळे गच्च मिटलेले. चाक फिरवायचं, नखाला खर्र झालं की थांबवायचं, आऱ्याची चावी अर्धा पाव वळवायची. नातीने विचारलं, "आजोबा, डोळे का मिटलेत?"

"डोळे मध्ये लुडबुड करतात."

शेवटी चाक फिरवलं आणि बाजूला झाला. काय सांगू! चाक फिरतंय का उभं आहे ते कळेना. आवाज नाही, थरथर नाही. मी बोट पुढे केलं तर वारा लागला, तेव्हा खात्री पटली. शेजारीण तोंडावर हात ठेवून उभी होती. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. कौतुक केलं की हा माणूस जेवायला वेळेवर येत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पुढच्या गुरुवारी जायचं ठरलं. जावई सोबत येणार. लेक म्हणाली, "पण बाबांनी पुढे बसायचं नाही."

मी म्हटलं, "मग काय मी बसू?"

मी गंमत केली तर तिच्या डोळ्यांत पाणी. ऑफिसात काही बिनसलं असेल.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण वही नातीची असली तरी तिला आपली अक्षरं वाचता येत नाहीत. मला सायकल येते. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं आमची खोली दुकानाच्या मागेच होती. दुपारी जेवून म्हातारा, तेव्हा म्हातारा नव्हता, दुकानातल्या फळीवर घोरायचा. दुरुस्त झालेली एखादी बायकांची सायकल फळीजवळ उभी असायची. मी पदर खोचून ती मागच्या मैदानात काढायची. वीस फेऱ्या, पंचवीस फेऱ्या. मग पुसून होती तिथे ठेवायची. एकदाही पडले नाही. बरं, एकदा पडले. पुढे लेक पोटात आली आणि ते बंद झालं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सत्तेचाळीस वर्षं त्याच्या मागे कॅरियरवर पाय लोंबकळत बसले, आणि तो दर खड्ड्याला म्हणायचा, "घट्ट धर, तुला काय कळतंय सायकलमधलं."

२५ सप्टेंबर, बुधवार

जावयांना उद्या कामावर जावंच लागणार. लेक पहाटे निघते म्हणून लवकर झोपली, तिला हे माहीत नाही. म्हातारा म्हणाला, "तिकिटं आहेत. आपण दोघं जाऊ." पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं तर ऐकेना. "पुढचा आठवडा कसा असेल कुणी बघितलाय?" असला बोलणारा माणूस नाही हा. जावई आधी नकोच म्हणत होते, मग त्यांनी मनावर घेऊन सगळं कागदावर काढून दिलं, गाडीचा डबा, उतरायचं स्टेशन, घरचा फोन. दहा वेळा म्हणाले, "रस्ता तिथे मोकळा आहे, गाड्या नसतात, पण स्टेशनपर्यंत सायकल हातात धरून चालत जा." लेकीसाठी चिठ्ठी लिहून मिठाच्या बरणीखाली ठेवणार आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळ

काल काय काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच मला विश्वास बसायचा नाही.

लेकीची पँट घालून निघाले. आयुष्यात पहिली. कोपऱ्यापर्यंत सायकल हातात धरली, मग म्हातारा पुढे बसला आणि म्हणाला, "बस." मी मागे. निघालो. दर पाच पावलांना विचारतो, "समोर कोणी आहे का?"

"मला काय दिसणार? माझ्यासमोर तुमची पाठ आहे."

"डोकं बाहेर काढून बघ की."

मी डोकं बाहेर काढेपर्यंत हा फुटपाथच्या खांबावर गेला. चांगला कमरेएवढा, पांढराफटक खांब. बिचारा कधीचा तिथे उभा होता. आम्ही कुंपणाच्या झुडपात. लागलं कुणालाच नाही. मी जे बोलले ते नातीच्या वहीत लिहिणार नाही. त्याने ऐकून घेतलं आणि पुढचं अंतर गपचूप चालला. उलट उत्तर नाही, ह्याचंच मला नवल वाटलं.

स्टेशनाखाली सायकली ठेवायची जागा आहे. तीन मजले! मी देवळं बघितलीत, धरणं बघितलीत, पण एवढं थोरलं काही बघितलं नव्हतं. रांगांमागे रांगा, वर रांगा, आणि सगळ्या फक्त सायकली. म्हातारा दारातच थांबला. चपला काढतो की काय असं वाटलं. मग एका रांगेवरून हात फिरवत चालत गेला, सीटमागून सीट, म्हशींच्या पाठीवरून फिरवावा तसा. कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं, तिच्या फ्रीव्हीलची टिकटिक वरच्या छतापर्यंत जाऊन परत येत होती. म्हणाला, "अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्या हातून गेल्या त्या सगळ्या इथे आल्यात."

"हो, आणि सगळ्यांची पंक्चरं तुमच्यासाठी ठेवलीत. चला, गाडी चुकेल."

गाडीच्या पहिल्या डब्यावर दाराएवढं सायकलचं चित्र. आम्ही जोडसायकल आत उभी केली, पट्ट्याने बांधली. बसायला तिथे तीन फळकुटं होती. मी म्हटलं, "इथे काय बसायचं?" म्हातारा म्हणाला, "बरोबर. सामान ब्रेकव्हॅनला, माणूस डब्यात." आपल्याकडची रीत. म्हणून आम्ही पाच डबे मागे जाऊन टेबल असलेल्या मऊ सीटांवर बसलो. मी बजावलं, "खिडकीशी तुम्ही बसा आणि प्रत्येक स्टेशनावर त्या डब्यावर नजर ठेवा. कोणी उतरवून नेईल."

गाडी निघाली ते कळलंच नाही. बाहेरचं हलायला लागलं म्हणून समजलं. शेतं, पवनचक्क्या, ढग, सगळं एखाद्याने धुऊन वाळत घातल्यासारखं.

तासाभराने एक मोठं स्टेशन आलं. फलाट धनुष्यासारखा वाकडा, त्यामुळे पुढचे डबे आमच्या खिडकीतून सबंध दिसत होते, ते सायकलचं चित्रसुद्धा. गाडी बराच वेळ थांबली. भोंग्यावर काहीतरी सांगितलं, दोन-चार माणसं उठून गेली. मी खाली वाकून पिशवीत डबा शोधत होते. वर बघते तर आमच्या पुढे रूळ. नुसते मोकळे रूळ. पुढची गाडीच नाही!

"अहो! पुढचे डबे कुठे गेले?"

"कुठे जातील?"

"सायकलचा डबा?"

"तो काय," म्हाताऱ्याने खिडकीतून बोट दाखवलं. मोकळ्या रुळांकडे. अगदी खात्रीने.

मी त्याच्या बोटाकडे बघितलं. मग रुळांकडे. मग त्याच्याकडे. त्याच्या डोळ्यांदेखत अख्खी अर्धी आगगाडी निघून गेली होती आणि तो ती अजून मला दाखवत होता.

मला तो खांब आठवला. मिटलेले डोळे आठवले. दोनदा लचकत आलेलं चाक आठवलं, आणि मी चारचौघांत काय बोलले होते ते.

गाडीतली तिकीट तपासणारी बाई आली. ताडमाड उंच, पुरुषासारखे केस. तिला जावयांचा कागद दिला आणि हातांनी सायकल फिरवून दाखवली. दोन पायडल फिरवले, मग मागे आणखी दोन. ती आधी हसली, मग कपाळाला हात लावला. हातानेच दाखवलं की इथे गाडीचे दोन तुकडे होतात, एक इकडे जातो, एक तिकडे. गाडीचे तुकडे! भाकरीसारखे! आणि कोणी आरडाओरडा करत नाही. तिने दोन फोन केले, आम्हाला त्याच स्टेशनावर उतरवलं आणि घड्याळावर दाखवलं: एक तास थांबा, सायकल परत येते.

बाकावर बसलो. मी विचारलं, "कधीपासून?"

तो उगाच वेड पांघरून म्हणाला, "काय कधीपासून?"

"मला पुन्हा विचारायला लावू नका."

मग बोलला. दीड वर्ष झालं. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग. "ज्याच्याकडे बघायला जावं तेच पुसलं जातं. कडेचं दिसतं. चाकाकडे बघितलं की चाक नाही, पण बाजूची भिंत दिसते. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात आणि मध्ये ओल्या फडक्याने पुसलेली पाटी. मान वळवून बाजूला बघितलं की कडेला तू येतेस. पूर्ण."

मी समोरच्या रुळांकडे बघत राहिले. तिरका कोंबडा मी ज्याला म्हटलं, तो माझं तोंड शोधत होता.

"आता वाढेल?"

"मधलं गेलं ते गेलं. कड राहील म्हणतात."

"आणि हे मला सोडून कोणाकोणाला माहीत आहे?"

"लेकीला. जावयांना. मीच शपथ घातली."

मी म्हटलं, "छान," आणि डबा उघडला. दोघांनीही खाल्लं. रडले वगैरे नाही. त्याच्या वाटणीत एक पोळी जास्त टाकली इतकंच.

तासाने दुसऱ्या गाडीतून आमची जोडसायकल आली. एकटीच प्रवास करून आली, ऐटीत, सोबत एक गणवेशातला माणूस! पुढच्या गाडीत तिला चढवून आता मात्र तसल्याच तीन फळकुटांवर तिच्याजवळच बसलो, तिचा पट्टा हातात धरून.

शेवटच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा दोन वाजले होते. फलाट संपला तिथे बांध, आणि बांधावर चढलो तर—

मी लिहायला बसले तरी हे कसं लिहावं कळत नाही. पाणी होतं. आपण म्हणतो तळं, नदी, समुद्र, त्यातलं कुठलं नाही. समुद्राला लाटा असतात, ह्याला नव्हत्या. एवढं सपाट की त्यावर पोळी लाटावी. पलीकडचा काठच नाही. आभाळ कुठे संपलं आणि पाणी कुठे लागलं, शिवण दिसत नव्हती. आणि त्यातून रस्ता, दोन सायकली बाजूबाजूने जातील एवढाच, सरळ निघून गेलेला, पुढे दोऱ्याएवढा, त्याच्या पुढे केसाएवढा, मग नाहीच. कोणी माणसाने हे बांधलं! दगडावर दगड ठेवत पाण्यात चालत गेला! मी त्याच्या शर्टाची बाही धरली, आधार त्याला होता की मला हे विचारू नये.

"हाच का गं तो?" म्हाताऱ्याने विचारलं. मान इकडे वळवत होता, तिकडे वळवत होता.

मला हो म्हणता आलं असतं.

"नाही. चित्रात मागे डोंगर होता, इथे नाही. पण चित्राला चारी बाजूंनी चौकट होती. ह्याला कडच नाही."

त्याने मान वळवणं थांबवलं. मग म्हणाला, "खरं सांगतेस म्हणून विचारतो तुला."

मी सायकल सरळ केली. "मागे बसा."

"कोण?"

"तुम्ही. मी पुढे बसते."

मी वाट बघत होते की आता म्हणेल, तुला काय कळतंय सायकलमधलं. त्याने खिशातून पाना काढला, बोटांनी पुढच्या सीटचा नट चाचपला आणि म्हणाला, "थांब. दोन बोटं खाली घेतो. तुला उंच होते."

"मला काय उंच होतं ते तुम्हाला काय माहीत?"

"मग तेव्हा कोण घेत होतं खाली? बायकांची सायकल फळीजवळ, सीट खाली, हवा टच्च. गिऱ्हाइकासाठी?"

माझ्या हातातलं हँडल वळलं.

"तुम्ही तर घोरत होतात."

"घोरायला काय लागतं?"

"आणि एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस." नट आवळत म्हणाला, "संध्याकाळी परत वर घ्यायचो. गिऱ्हाइकं विचारायची, चाकाला चिखल कसा?"

"आणि डोळ्यांचं का नाही बोललात?"

"ते बोललो असतो तर तू हाताला धरून फिरवलं असतंस."

"ते आपण नंतर बघू. आता बसा."

पहिल्या वीस हातांत तीनदा डगमगलो. जोडसायकलीचं एक आहे: चारही पायडल एकाच चेनने बांधलेले, एकाने पाय थांबवला की दुसऱ्याचाही थांबतो. मी घाबरून थांबायची, तो मागून रेटायचा. मग माझ्या पायांना त्या मैदानातल्या फेऱ्या आठवल्या. सायकल सरळ झाली. दोन्हीकडे पाणी, खाली चाकांचा आवाज नाही, त्याने आउट काढलेली चाकं ती. पाण्यावरून घसरत चाललोय असं वाटत होतं. सत्तेचाळीस वर्षं माझ्यासमोर त्याची पाठ होती. आता समोर कोणी नाही. सगळं जग आधी माझ्या अंगावर येत होतं.

मागून आवाज, "समोर काय आहे?"

"रस्ता."

"कसा?"

"सरळ."

"पुढे?"

"आणखी सरळ."

"एवढी तोंडाळ बाई, आणि आज शब्दाला महाग?"

मग सांगायला लागले. समोरून एक जोडपं येतंय, तिची टोपी पिवळी. उजवीकडे दगडाला शेवाळ. लांब एक खांब आहे, घाबरू नका, मला दिसलाय. ढगाची सावली पाण्यावरून चाललीय, आपल्याहून हळू.

तेवढ्यात तोच ओरडला, "डावीकडे! डावीकडे काहीतरी हललं!"

मी बघितलं, काही नव्हतं. आणि मग पाणीच उठलं. हजारोंनी पांढरे पक्षी, चादर झटकावी तसे एकदम वर, एका बाजूला पांढरे, वळले की काळे, पुन्हा वळले की पांढरे. सुपात जोंधळे पाखडावेत तसा पंखांचा आवाज, आणि ते सगळे आमच्या डोक्यावरून पलीकडे गेले. त्यांची सावली आमच्या अंगावरून गेली. माझे पाय थांबले. त्याचेही थांबले. कोणाचे आधी, सांगता येणार नाही.

"मला दिसले," तो म्हणाला. "अगं, मला दिसले. मधे तुझी पाठ, ती नाही दिसत. पण दोन्हीकडचं सगळं पाणी दिसतंय. माझ्या डोळ्यांसाठीच बांधलाय हा रस्ता."

त्याने माझ्या आधी पक्षी बघितले होते. मी समोर बघत होते, तो कडेला.

मी म्हटलं, "मग ठरलं. कडेचं तुम्ही बघा, मधलं मी बघते."

केसाएवढ्या टोकापर्यंत जाऊन आलो नाही, ते कधी येतच नव्हतं. पण खूप गेलो. परतीच्या गाडीत सायकलीशेजारी बसून तो माझ्या खांद्यावर झोपला. ह्या वेळी खरा घोरत होता.

२८ सप्टेंबर, शनिवार

लेकीने मिठाच्या बरणीखालची चिठ्ठी दाखवून मला दहा मिनिटं झापलं. झापू दिलं. मग मी म्हटलं, "तीन-तीन खेपा नंबर काढायला गेला होतात ना? किती आला?" ती खाली बसली. "आई, बाबांनी शपथ घातली होती." मी म्हटलं, "शपथ त्यांनी तुला घातली, मला नाही. इथून पुढे डॉक्टरकडे मी येणार. मला कळलं नाही तर पुन्हा विचारेन. लाज मला चौथीतच सोडून गेली." ती हसायला लागली आणि रडायलाही. नातीने विचारलं, आई काय करतेय? मी म्हटलं, दोन्ही.

५ ऑक्टोबर, शनिवार

उद्या निघायचं. जोडसायकल शेजारणीला परत दिली. तिला पुढच्या सीटवर बसवून म्हातारा मागे बसला आणि दोघांनी कोपऱ्यापर्यंत फेरी मारली. उतरली तेव्हा ती बराच वेळ सीटवर हात ठेवून उभी होती. सीट मी खालीच ठेवायला सांगितलीय.

पुतण्याला फोन केला. दुकान त्यानेच सांभाळावं, पण रोज दुपारी चाकं आम्ही बघू. आउट म्हातारा नखाने काढेल, आणि काढून झालेल्या सायकलीची फेरी मी मारेन. मागच्या मैदानात नाही. बाजारातून.

आज सकाळी चहा दिला तेव्हा म्हातारा खिडकीशी होता. मान वळवून पुन्हा तसाच तिरका बघायला लागला. माझे केस विंचरायचे होते, पदराला पीठ लागलं होतं. मी उजेडात सरकले आणि चहा निवेपर्यंत हलले नाही.